ईदनंतरची सुई

परवा इफ्तारीला खजुराची प्लेट पुढे सरकवत मी अम्मीला म्हटलं, ‘ईद झाली की फ्लूची लस घेऊन टाकू.’ अम्मीचं वय 74, मधुमेह जुना. ती हसली. ‘बेटा, सर्दी-पडशाला कुणी सुई टोचून घेतं का?’

शेजारी अब्बा खुर्चीत बसले होते. काही बोलले नाहीत. तीन वर्षांपूर्वी जुलैत त्यांनाही असंच ‘साधं पडसं’ झालं होतं. चौथ्या दिवशी धाप लागली, न्यूमोनिया निघाला. अकरा दिवस दवाखान्यात काढले. फजरला मशिदीपर्यंत पायी जाणारे अब्बा तेव्हापासून खुर्चीवर बसूनच नमाज पढतात. लस मात्र दरवर्षी घेतात. अम्मीचं म्हणणं, ‘ते आजारी पडले होते, मी कुठे पडले?’

महाळुंगे आता पुणे महापालिकेत आहे, आणि फ्लूचं नाव पुणेकरांना नवं नाही. 2009च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यातच झाला. शाळा, चित्रपटगृहं बंद झाली, नायडू रुग्णालयापुढे तपासणीसाठी रांगा लागल्या. त्याच महिन्याच्या उत्तरार्धात गणपती बसले आणि रमजानही लागला. आरतीत आणि तरावीहमध्ये एकाच वेळी मास्क दिसत होते. तो विषाणू गेला नाही. आता दर हंगामात फिरणाऱ्या फ्लूतलाच एक झाला आहे.

फ्लूचा विषाणू सतत रूप पालटतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये, लसीत कोणते प्रकार असावेत ते ठरवते. गेल्या वर्षीची सुई यंदा पुरत नाही ती यामुळे. आपल्याकडे फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो. लस अंगी लागायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणजे एप्रिल-मे ही योग्य वेळ. यंदा ईदनंतर नेमकी तीच येते.

लस घेतली म्हणजे फ्लू होणारच नाही, असं नाही. वयानुसार प्रतिकारशक्ती मंदावते, तसा लसीचा परिणामही थोडा कमी होतो. पण आजार गंभीर होण्याची शक्यता घटते, आणि म्हातारपणी खरी भीती तीच. फ्लूनंतरच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो, हे पडसं म्हणून हसणाऱ्यांना ठाऊक नसतं. अंगात ताप असेल तर मात्र थांबावं. आधीच्या डोसाची तीव्र ॲलर्जी आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं.

अडचण पैशाची आहे. लहान मुलांच्या लसी सरकार मोफत देतं. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ज्येष्ठांसाठी फ्लूची लस नाही. खासगीत हजाराच्या पुढे खर्च येतो, तोही दरवर्षी. पेन्शनवर जगणाऱ्या जोडप्याला हे सोपं नाही, आणि त्यांना अडाणी म्हणण्याचा आपल्याला हक्कही नाही.

रोज्याचं विचाराल तर दंडातल्या सुईने रोजा तुटत नाही, असंच बहुतेक उलमा सांगतात. 2021च्या रमजानमध्ये करोनाच्या लसीबद्दल हा प्रश्न जगभर विचारला गेला, तेव्हा सौदीच्या मुफ्तींनीही हेच सांगितलं होतं.

शेवटी अम्मीला पटलं ते वेगळ्याच गोष्टीने. हजला निघालेल्या 65 वर्षांवरच्या यात्रेकरूंना शिबिरात मेंदूज्वराच्या लसीबरोबर फ्लूचीही देतात, हे मी सांगितलं. अम्मी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘शेजारच्या काकूंनाही विचार. त्यांना दमा आहे. दोघी एकाच रिक्षाने जाऊ.’