चेहरे पुसले, गोल राहिले

मामाचा चष्मा त्या दिवशी टीव्हीवर विसरला होता, म्हणून हा किस्सा घडला. मामा कोल्हापूरचा, फुटबॉलातला कट्टर पाटाकडील तालीमवाला. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर उन्हातान्हात बसून पाहिलेल्या सामन्यांच्या जोरावर त्याने एक मत पक्कं केलंय: बायकांच्या फुटबॉलात रग नसते. मी वाद घातला नाही. फोन पुढे केला. क्लिप जुनी, लांबून घेतलेली. गोलकडे पाठ करून उभा असलेला एक खेळाडू. आलेला क्रॉस पहिल्या स्पर्शात हवेतच थोपवला, दुसऱ्या स्पर्शात बचाववाल्याच्या डोक्यावरून मागे काढला, गर्रकन वळला आणि चेंडू खाली टेकायच्या आत व्हॉली. जाळं हललं.

मामा म्हणाला, "आयला, काय मारलंय! कुठल्या पेठेचं पोरगं गं हे?"

"मामा, चष्मा लाव की आधी."

चष्मा आला, क्लिप पुन्हा लागली, पोनीटेल दिसली. मामा जरा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "समोरचा डिफेन्स कच्चा होता."

तो गोल आयर्लंडच्या स्टेफनी रोशचा. ऑक्टोबर 2013, पीमाउंट युनायटेड विरुद्ध वेक्सफर्ड यूथ्स, मैदानावर शंभरही माणसं नव्हती. वर्षातल्या सर्वोत्तम गोलसाठीच्या फिफाच्या पुश्काश पुरस्काराच्या मतदानात तो दुसरा आला. पुढे होता फक्त हामेस रोद्रिगेस आणि मागे रॉबिन व्हॅन पर्सी.

माझा प्रयोग घरगुती. झुरिक विद्यापीठाशी संबंधित अभ्यासकांनी मात्र तो रीतसर केला. त्यांनी 613 जणांना पुरुषांचे आणि बायकांचे गोल दाखवले. एका गटाला जसेच्या तसे, दुसऱ्या गटाला खेळाडूंच्या आकृत्या धूसर करून. पडद्यावर आकृत्या पळतायत, पण बाई की पुरुष ते कळत नाही, अशी ती दृश्यं. मूळ चित्रण पाहणाऱ्यांनी पुरुषांच्या गोलांना जास्त गुण दिले. धूसर चित्रण पाहणाऱ्यांच्या गुणांत फारसा फरकच राहिला नाही. 2023 साली निबंध छापून आला. कार्लोस गोमेझ-गोन्झालेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एवढी काळजी घेतली होती, तरी मामाचा मुद्दा पुरता खोडला गेला असं मी म्हणणार नाही. हे निवडक, उत्तम गोल होते, नव्वद मिनिटांचा अख्खा सामना नव्हे. पण आपण खेळाला गुण देतो की खेळणारीला, हा प्रश्न त्यांनी प्रयोगशाळेत नेऊन ठेवला, आणि मला तेवढं पुरे आहे.

पण चेहरे पुसायला आधी चित्रण हवं. त्या दिवशी मैदानावर कॅमेरा नसता, तर रोशचा गोल तिथल्या मोजक्या माणसांच्या गप्पांत विरून गेला असता. बायकांच्या फुटबॉलवरचं सगळं संशोधन याच एका अडचणीपाशी येऊन थांबतं: कुणी लिहून ठेवलं होतं का?

इंग्लंडचं प्रेस्टन घ्या. पहिल्या महायुद्धात डिक, कर या कारखान्यात बायका दारूगोळा तयार करत. त्यांची टीम 1917 साली मैदानात उतरली. 26 डिसेंबर 1920 रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना पाहायला 53 हजार लोक आले, आणि हजारो लोक दाराबाहेरच अडकले. जमलेला पैसा मदतनिधीला गेला. वर्ष उलटायच्या आत, 5 डिसेंबर 1921 ला, इंग्लिश फुटबॉल असोसिएशनने आपल्या क्लबांना सांगून टाकलं: बायकांना मैदानं देऊ नका. हा खेळ त्यांच्यासाठी नाही, आणि त्यांच्या हिशेबातही गोम आहे. ही बंदी पन्नास वर्षं टिकली.

यातलं एक पात्र माझ्या डोक्यातून जात नाही. बायकांना हा खेळ झेपणार नाही, असं तेव्हा जाहीर सांगणाऱ्यांत हार्ले स्ट्रीटच्या एक नामांकित स्त्रीरोगतज्ज्ञ होत्या, डॉ. मेरी शार्लीब. या बाई शिकल्या कुठे? आपल्या मद्रासला. 1875 साली मद्रास मेडिकल कॉलेजात ज्या पहिल्या चार बायकांना प्रवेश मिळाला, त्यातल्या त्या एक. बायकांना डॉक्टरकी झेपणार नाही, असं म्हणणाऱ्यांना खोटं पाडून त्या मोठ्या झाल्या. त्यांना वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण त्यांच्याकडेही मोजलेलं काही नव्हतं, अंदाजच होता. अंदाज फार चिवट असतो. फिफाचा बायकांचा पहिला वर्ल्डकप चीनमध्ये 1991 साली झाला, तेव्हा सामने 90 नव्हे, 80 मिनिटांचे ठेवले होते.

डिक, कर संघ काही घरी बसला नाही. 1922 मध्ये अमेरिकेला जाऊन पुरुषांच्या संघांशी नऊ सामने खेळला. तीन जिंकले, तीन हरले, तीन बरोबरीत. 1965 पर्यंत टीम चालू होती. आणि मग? मग काही नाही. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांना जवळजवळ जागाच नव्हती. ती मिळवून दिली गेल न्यूशम यांनी, आणि त्या प्राध्यापक नव्हत्या. प्रेस्टनच्याच, स्वतः फुटबॉल खेळलेल्या. त्यांनी हयात असलेल्या म्हाताऱ्या खेळाडू शोधून काढल्या, आठवणी आणि फोटो जमवले आणि 1994 साली पुस्तक काढलं. जीन विल्यम्स यांचा बायकांच्या फुटबॉलचा विद्यापीठीय पद्धतीचा इतिहास आला तो 2003 मध्ये. आज शोधनिबंध लिहिणारी मंडळी संदर्भ म्हणून ज्यावर भिस्त ठेवतात, त्यातलं बरंचसं असं कुणाच्या तरी कपाटातून, पत्र्याच्या डब्यातून आलेलं आहे.

शरीरशास्त्राकडे वळलं तरी रड तीच. एमा काउली आणि सहकाऱ्यांनी 2014 ते 2020 मधल्या क्रीडाविज्ञानाच्या सहा नियतकालिकांतले 5,261 शोधनिबंध चाळले. फक्त पुरुषांवर केलेले 31 टक्के, फक्त बायकांवर केलेले 6 टक्के. उरलेल्यांत दोघंही. या 6 टक्क्यांचा अर्थ इंग्लंडच्या आर्सेनल क्लबच्या दवाखान्यात कळतो. 2022-23 च्या एकाच हंगामात त्यांच्या चौघींच्या गुडघ्यातलं एसीएल नावाचं अस्थिबंधन तुटलं: बेथ मीड, व्हिव्हियाना मिडेमा, लिया विल्यमसन, लॉरा विनरॉइटर. बायकांना ही दुखापत पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होते, हे ठाऊक आहे. का होते, यावर अजून घोळ आहे. कुणी हाडांच्या ठेवणीकडे बोट दाखवतं, कुणी मैदानांकडे, कुणी सामन्यांच्या गर्दीकडे, कुणी बुटांकडे. बुटांचं मला सगळ्यात पटतं, कारण ते पायात घालून पाहता येतं. पुरुषी पायाच्या साच्यावरचा बूट आणि बाईच्या पायाची रुंदी, टाच, कमान वेगळी. युरोपातल्या बड्या क्लबांच्या खेळाडूंच्या एका पाहणीत पाचांपैकी चारजणींहून अधिक जणींनी बूट टोचतात, दुखतात असं सांगितलं. इतकी वर्षं हे कुणी विचारलंच नव्हतं. 2024 मध्ये लीड्स बेकेट विद्यापीठ, खेळाडू संघटना आणि नायके यांनी मिळून एसीएलवर अभ्यास हाती घेतला.

आपल्याकडे तर चाळायलाच कमी. 1975 साली लखनौला बायकांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती त्यांच्याच वेगळ्या महासंघाने भरवली. देशाचा मुख्य फुटबॉल महासंघ तेव्हा या भानगडीत नव्हता. बायकांची आशियाई अजिंक्यपद स्पर्धा कालिकतला झाली, 1980 च्या जानेवारीत. भारताने दोन संघ उतरवले, उत्तर आणि दक्षिण. दक्षिणेचा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि तैवानकडून 0-2 हरला. आशियात दुसरा नंबर, आणि आज किती जणांना आठवतो? बोरिया मजुमदार यांनी या इतिहासावर निबंध लिहिला 2003 मध्ये, म्हणजे तेवीस वर्षांनी.

जवळचं उदाहरण द्यायचं तर नवी मुंबई. 20 जानेवारी 2022, डी. वाय. पाटील स्टेडियम, बायकांच्या फुटबॉलचा आशिया कप. भारत-इराण 0-0. आपल्या मुली पूर्ण सामना खेळल्या, घाम गाळला. तीन दिवसांनी संघात कोविड पसरला, तैवानविरुद्ध उतरवायला पुरेशा खेळाडू उरल्या नाहीत, आणि भारत स्पर्धेबाहेर. नियमाप्रमाणे इराणविरुद्धचा सामनाही बाद. म्हणजे नव्वद मिनिटं खेळून झाली, पण गुणतक्त्यात ती नाहीतच. पुढे एखादी संशोधक त्या तक्त्यावरून भारताचा हिशेब मांडायला बसली, तर तिला हे कसं कळणार?

मामाने परवा फोन केला. त्याच्या ओळखीतल्या एक बाई म्हणे पूर्वी फुटबॉल खेळायच्या, संघाचा फोटो घरात आहे, पण नावं कुणाची तेवढी आठवत नाहीत. मी म्हटलं, त्यांच्यासोबत बस आणि जेवढी आठवतील तेवढी काढ. तुमच्याही आत्याच्या, मावशीच्या, शेजारच्या काकूंच्या ट्रंकेत असा फोटो असेल, तर मागे साल, गाव आणि नावं लिहून ठेवा. पेन्सिलीने लिहा, शाई दुसऱ्या बाजूला उमटते.