स्वयंवादक पियानो : तबकडीची ओळख

वादकाच्या बोटांऐवजी यंत्रणेच्या साहाय्याने ज्याच्या पट्ट्या दाबल्या जातात, अशा पियानोस स्वयंवादक पियानो म्हणतात. काही आधुनिक स्वयंवादक पियानोंमध्ये बाजारात मिळणारी गाण्याची सीडी घातली असता तीतील गायन व वाद्यवृंद ध्वनिक्षेपकातून ऐकू येतो आणि त्याच वेळी पियानो आपण होऊन त्यास साथ करतो. अशा सीडीवर पियानोसाठी कोणतीही सूचना नोंदलेली नसते. बहुतेक सीडींवर गीताचे वा गायकाचे नावही यंत्राला वाचता येईल अशा रूपात नसते. असे असता आत घातलेली तबकडी कोणती, हे पियानो तिच्यावरील कालमापनावरून ओळखतो.

पूर्वपीठिका : अमेरिकन संशोधक एडविन वोटी यांनी १८९५ मध्ये पियानोला हे वाद्यवादक उपकरण तयार केले. त्यात छिद्रे पाडलेली कागदाची गुंडाळी एका दांड्यावरून सरकत असे आणि छिद्रांतून शिरणाऱ्या हवेमुळे भाते कार्यान्वित होऊन पट्ट्या दाबल्या जात. १९०८ मध्ये बफालो येथील परिषदेत ८८ स्वरांच्या गुंडाळीचे प्रमाण ठरविण्यात आले. या यंत्रास गुंडाळीवरील रचनेचे नाव कळण्याची गरज नव्हती, कारण वादनाच्या सर्व सूचना गुंडाळीतच असत. नाव केवळ माणसासाठी छापलेले असे. पुढे भात्यांची जागा विद्युत् चुंबकीय परिनालिकांनी घेतली. १९८३ मध्ये प्रचारात आलेल्या मिडी या संकेतपद्धतीने कोणती पट्टी, केव्हा व किती जोराने दाबावयाची हे अंकांत नोंदविता येऊ लागले.

दोन पद्धती : पहिल्या पद्धतीत खास पियानोसाठीच तयार केलेली सीडी वापरतात. तिच्या दोन ध्वनिमार्गांपैकी एकावर संगीत व दुसऱ्यावर पियानोच्या सूचना श्राव्य संकेतांच्या रूपात असतात. साध्या यंत्रावर ती लावल्यास एका बाजूने संगीत व दुसऱ्या बाजूने कर्कश आवाज ऐकू येतो. येथे यंत्राला केवळ संकेताचा प्रकार ओळखावा लागतो. दुसऱ्या पद्धतीत सूचना पियानोच्या स्मृतीत किंवा वेगळ्या चुंबकीय चकतीवर असतात आणि नेहमीची सीडी आहे तशीच वापरली जाते. यामाहा कंपनीच्या डिस्क्लाव्हिअर पियानोंमध्ये २००० नंतरच्या दशकात ही सोय उपलब्ध झाली. या पद्धतीत तबकडीची नेमकी ओळख पटणे अत्यावश्यक ठरते.

अनुक्रमणी : सीडीचा व्यास १२० मिमी. असून तीवरील सर्पिल नोंद आतून बाहेर वाचली जाते. संगीताचा भाग मध्यापासून सु. २५ मिमी. अंतरावर सुरू होतो. त्याच्या आतील अरुंद प्रवेशपट्ट्यात तबकडीची अनुक्रमणी वारंवार नोंदलेली असते. तबकडी घालताच लेसर शलाका प्रथम हा पट्टा वाचते. अनुक्रमणीत एकूण गीतांची संख्या (कमाल ९९), प्रत्येक गीताचा आरंभकाल व अखेरचा काल एवढीच माहिती असते. काल मिनिटे, सेकंद व खंड यांत देतात. एका सेकंदाचे ७५ खंड असतात. ७४ मिनिटांच्या तबकडीवर असे ३,३३,००० खंड मावतात. त्यामुळे दहा-बारा गीते असलेल्या दोन निरनिराळ्या तबकड्यांचे सर्व आरंभकाल खंडापर्यंत तंतोतंत जुळणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून कालांची ही मालिकाच तबकडीची खूण म्हणून वापरता येते. पियानो ती आपल्या यादीतील मालिकांशी ताडून पाहतो व जुळणाऱ्या सूचना निवडतो.

सोयीसाठी या मालिकेचा एक लहान अंक बनविण्याची रीतही आहे. सीडीडीबी या सूचीमुळे रूढ झालेल्या रीतीत प्रत्येक गीताच्या आरंभाच्या सेकंदांतील अंकांची बेरीज, तबकडीचा एकूण काल आणि गीतांची संख्या यांपासून खूण तयार होते. समजा, एका तबकडीवर तीन गीते २, २४५ व ५३० व्या सेकंदाला सुरू होतात आणि एकूण काल ८०० सेकंद आहे. अंकांची बेरीज २ + ११ + ८ = २१ येते. दुसरे गीत २५४ व्या सेकंदाला सुरू होणाऱ्या, परंतु इतर बाबतींत सारख्या तबकडीची बेरीजही २१ च येईल व दोहोंची खूण एकच ठरेल. संक्षिप्त खूण शोधण्यास सोपी असली, तरी तीत अशी गल्लत संभवते. म्हणून संपूर्ण मालिका ताडून पाहणे अधिक विश्वसनीय असते.

मेळ : ओळख पटल्यावर गीत व पियानो यांचा मेळ राखावा लागतो. सीडीवर प्रत्येक खंडाबरोबर चालू काल नोंदलेला असतो. त्याच्या आधारे सूचना पुढे सरकतात. मंद स्वराचा हातोडा हळू उचलला जातो, तर जोरकस स्वराचा झपाट्याने. हा फरक भरून काढण्यासाठी काही यंत्रांत वादन सु. अर्धा सेकंद उशिरा होते व ध्वनीही तेवढाच रोखून धरतात.

मर्यादा : यंत्र संगीत ओळखत नाही, केवळ कालांची मांडणी ओळखते. ७८ फेऱ्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेवर तिच्या साच्याचा क्रमांक कोरलेला असे; तो माणूस वाचीत असे. बालगंधर्वांची (१८८८–१९६७) तीच पदे वेगळ्या क्रमाने दुसऱ्या संकलनात घेतली, तर माणसाला ती तत्काळ ओळखू येतील. परंतु अनुक्रमणीवर विसंबणाऱ्या यंत्राला ती तबकडी सर्वस्वी नवी वाटेल. एकाच संगीताची सीडी पुन्हा काढताना गीतांमधील विराम काही खंडांनी बदलला, तरी हाच परिणाम होऊ शकतो. तुलना काटेकोर ठेवावी, तर योग्य तबकडी नाकारली जाते. ती सैल ठेवावी, तर चुकीच्या गीताला साथ होते. म्हणून अशा संग्रहाचे जतन करताना केवळ सीडी राखून भागत नाही. ज्या आवृत्तीसाठी सूचना तयार झाल्या तीच तबकडी व सूचनांची चकती ही दोन्ही एकत्र राखावी लागतात; त्यांपैकी एक नाहीशी झाल्यास गाणे ऐकू येते, पण पियानो मूक राहतो.