पाऊल आधी, मन मागून

भिंतीवर पाल दिसली आणि घरातलं कुणी किंचाळलं, की आपण काय करतो ते आठवून पाहा. एक जण समजावतो, "अगं, ती काय करणार आहे तुला? किडे खाते बिचारी." दुसरा हसतो. तिसरा "इकडे बघ, इकडे बघ" म्हणून लक्ष वळवतो. आजी सांगते, "मोठी झाली की जाईल आपोआप." हे चारही उपाय शंभर वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये मेरी कव्हर जोन्स नावाच्या एका तरुण संशोधिकेने संस्थेत राहणाऱ्या लहान मुलांवर शिस्तीत तपासून पाहिले होते. समजावण्याने भीती हलत नव्हती. चेष्टेने मूल आणखी आकसून जात होतं. लक्ष वळवणं तेवढ्यापुरतं चालायचं. आणि नुसता वेळ जाऊ दिला, तर भीती होती तिथेच बसून राहायची.

मग तिला उपयोगी काय दिसलं? १९२४ साली तिने पीटर नावाच्या मुलाची हकीकत छापली. पीटर दोन वर्षं दहा महिन्यांचा. सशाला घाबरायचा; पांढरा उंदीर, फरचा कोट, पीस, कापूस, सगळ्यालाच घाबरायचा. जोन्सने त्याला उंच खुर्चीत बसवलं, आवडीचा खाऊ दिला आणि ससा पिंजऱ्यात घालून खोलीच्या दूरच्या टोकाला ठेवला. पीटरचं खाणं थांबणार नाही इतक्याच अंतरावर. दुसऱ्या दिवशी पिंजरा थोडा पुढे. सशाशी मजेत खेळणारी दुसरी मुलंही अधूनमधून तिथे असायची. पीटरच्या धिटाईच्या तिने सतरा पायऱ्या नोंदवल्या आहेत. पहिल्या पायरीला ससा खोलीत कुठेही, अगदी पिंजऱ्यात असला तरी रडू. सतराव्या पायरीला पीटर सशाला आपली बोटं कुरतडू देतो.

मध्येच पीटरला स्कार्लेट फीव्हर झाला, तो दोन महिने इस्पितळात होता. तिथून परतताना एक मोठा कुत्रा अंगावर आला आणि केलेली सगळी कमाई गेली; ससा पुन्हा दूरच्या टोकाला न्यावा लागला. जोन्सने हे लपवलं नाही, म्हणून मला तिचा लेख फार मोलाचा वाटतो. भीती गेली तरी ती पुसली जात नाही. जुन्या आठवणीशेजारी नवी आठवण उभी राहते, आणि एखाद्या धक्क्याने जुनी पुन्हा वर येऊ शकते. आजचे संशोधकही जवळपास असंच मानतात.

या कथेच्या चार वर्षं आधीची अल्बर्टची गोष्ट मानसशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात असते. जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी बाल्टिमोरमध्ये अकरा महिन्यांच्या एका बाळाला पांढरा उंदीर दाखवून प्रत्येक वेळी पाठीमागे लोखंडी कांबीवर हातोडा हाणला. काही वेळांतच ते बाळ नुसत्या उंदराला पाहून रडू लागलं. भीती शिकवता येते, हे सिद्ध झालं. ती काढण्याआधीच बाळ तिथून गेलं. त्या बाळाच्या वाट्याला आलेल्या अन्यायाचं समर्थन कोणत्याही शास्त्राच्या नावाने करता येणार नाही. आणि आपल्या पाठ्यपुस्तकांनी भीती लावणाऱ्याला पानभर जागा द्यावी, ती काढणारीला चार ओळी, हेही मला खटकतं.

भीती लागली कशी, हा अर्धाच प्रश्न आहे. ती टिकते कशी, हा खरा प्रश्न. लिफ्टला घाबरणारा माणूस सातव्या मजल्यावर जिन्याने जातो. लिफ्टच्या दारापासून मागे वळताना त्याच्या छातीवरचा दगड उतरतो, आणि ती सुटकाच त्याला शिकवते की वळलास म्हणून वाचलास. लिफ्टमध्ये काहीही होत नाही, हे कळण्याची संधीच तो स्वतःला देत नाही. होबार्ट मॉरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४७ मध्ये हे सूत्र मांडलं: भीती जडते एका वाटेने, टिकते दुसऱ्या वाटेने, आणि ती दुसरी वाट टाळण्याची असते. आधी लिफ्ट टाळली जाते, मग उंच इमारतीतले नातेवाईक, मग त्या इमारतीतली नोकरी.

सगळ्या भीती सारख्या सहजपणे जडत नाहीत. विजेच्या सॉकेटने धक्का बसलेले लोक पुष्कळ असतात, पण सॉकेटचा भयगंड क्वचितच कुणाला होतो. साप मात्र नुसता चित्रात पाहून काहींना घाम फुटतो. मायकेल कुक आणि सुझन मिनेका यांनी १९८९ मध्ये प्रयोगशाळेत वाढलेल्या, साप कधीही न पाहिलेल्या माकडांना इतर माकडं घाबरतानाच्या चित्रफिती दाखवल्या. सापाला घाबरणारं माकड पाहून ती सापाला घाबरायला शिकली. तीच भीती फुलाला पाहून वाटते आहे असं चित्रफितीत जुळवून दाखवलं, तर शिकली नाहीत. तेव्हा पालीला घाबरणाऱ्या मुलीला 'नाटकं करतेस' म्हणणं हे अज्ञान आहे.

जोन्सची पद्धत पुढे तीस वर्षं जवळजवळ विसरली गेली. दक्षिण आफ्रिकेच्या जोसेफ वोल्पे यांनी दुसऱ्या महायुद्धात सैन्यात डॉक्टर असताना युद्धाने खचलेले जवान पाहिले होते. त्यांनी आधी मांजरांवर आणि मग माणसांवर काम करून १९५८ मध्ये भीतीची उतरंड लावण्याची रीत ग्रंथरूपाने मांडली. सर्वांत सौम्य प्रसंगापासून सर्वांत भयंकर प्रसंगापर्यंत यादी करायची, शरीर सैल सोडायला शिकायचं आणि एकेक पायरी चढायची. आज उपचारक बहुधा नुसत्या कल्पनेवर न थांबता प्रत्यक्ष वस्तूकडे नेतात. स्वीडनच्या लार्स-गोरान ओस्ट यांनी तर कोळ्यासारखा एखाद्याच वस्तूचा भयगंड तीन तासांच्या एका बैठकीत बराच कमी होऊ शकतो, हे दाखवून दिलं.

ओस्ट यांचंच आणखी एक निरीक्षण घरोघरी माहीत असायला हवं. रक्त किंवा इंजेक्शनची सुई पाहून काही जण खरोखर बेशुद्ध पडतात. इतर भयांमध्ये रक्तदाब वाढतो. यात तो आधी वाढून मग एकदम कोसळतो. अशा माणसाला "अंग सैल सोड" सांगणं उलट काम करतं. त्याने हातपाय, पोट यांचे स्नायू आवळून धरायचे, दहा-पंधरा सेकंदांनी सोडायचे, पुन्हा आवळायचे. त्याने रक्तदाब टिकतो, चक्कर टळते. रक्ततपासणीला जाताना हातपाय गार पडणाऱ्यांनी हे जरूर शिकून घ्यावं.

'विकृत', 'अपसामान्य' हे शब्द मी इथवर टाळले आहेत. कोण नॉर्मल आणि कोण नाही, याची रेघ समाज ओढतो आणि समाजच ती हलवतो. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. माणसं तीच होती, यादी बदलली. मला एकच कसोटी उपयोगी वाटते: या त्रासाने माणसाचं जगणं किती आक्रसलं? किती रस्ते, किती माणसं, किती कामं त्याने सोडून दिली?

ही कसोटी लावली की भयगंड आणि नैराश्य शेजारीशेजारी येऊन बसतात.

नैराश्याबद्दल फ्रॉइड यांचं म्हणणं असं होतं की दुसऱ्यावरचा राग माणूस स्वतःकडे वळवतो. फिलाडेल्फियाचे आरन बेक याच परंपरेत शिकलेले. त्यांनी निराश रुग्णांच्या स्वप्नांमध्ये तो राग शोधला. त्यांना तिथे सापडले ते हरल्याचे, काहीतरी गमावल्याचे प्रसंग. रुग्णांच्या जागेपणीच्या बोलण्यातही तेच होतं: मी नालायक, जग कठोर, पुढे अंधार. बेक यांनी या आपोआप उमटणाऱ्या विचारांनाच उपचाराचा विषय केलं. विचार पकडायचा, कागदावर लिहायचा, त्याला पुरावा मागायचा.

त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस याच दिशेने चालले होते, आणि त्यांची वाट थेट मराठीपर्यंत पोहोचली. मुंबईचे मानसतज्ज्ञ कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करून ही विचारपद्धती आत्मसात केली आणि 'विवेकनिष्ठ' या नेमक्या शब्दासह मराठी वाचकांपुढे ठेवली. अंजली जोशी यांच्या 'मी अल्बर्ट एलिस' या कादंबरीमुळे ती आणखी घरांत गेली. स्त्रियांशी बोलायला घाबरणारा एकोणीस वर्षांचा एलिस महिनाभर ब्रॉन्क्सच्या वनस्पती उद्यानात बाकावर बसलेल्या स्त्रियांशेजारी जाऊन बसत होता. त्यांनीच सांगितलेल्या आठवणीनुसार तशा १३० जणी होत्या. तीस उठून गेल्या, शंभर जणींशी बोलणं झालं. एकीने भेटायचं कबूल केलं, ती आली नाही. पण भीती गेली. विचारांवर बोट ठेवणाऱ्या या थोर उपचारकाची स्वतःची भीती बाकावर जाऊन बसल्यानेच गेली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता नैराश्याशी जोडल्या गेलेल्या कुत्र्यांच्या एका प्रयोगाकडे येतो. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात कुत्र्यांना विजेचे असे धक्के दिले, की कुत्र्याने काहीही केलं तरी ते थांबत नसत. नंतर त्यांना अशा खोक्यात ठेवलं जिथे मधली बुटकी भिंत ओलांडली की सुटका होती. बरीच कुत्री जागची हललीच नाहीत. कण्हत पडून राहिली. याला 'शिकलेली असहायता' म्हटलं गेलं, आणि नैराश्याचा नमुना म्हणून ती जगभर शिकवली गेली. कर्जाच्या, आजारपणाच्या, मारहाणीच्या फेऱ्यात सापडलेल्या माणसाला "हातपाय हलव जरा" म्हणणाऱ्यांनी ते दृश्य डोळ्यांपुढे आणावं.

जवळपास पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच दोघांनी मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे लिहिलं की आपण उलटं समजलो होतो. लांबलेल्या यातनेपुढे निपचित पडणं ही मेंदूची मुळातली प्रतिक्रिया आहे. ती शिकावी लागत नाही. शिकावी लागते ती दुसरीच गोष्ट: आपल्या करण्याने काही बदलतं. ती जाण आली की मेंदूचा पुढचा भाग त्या निपचितपणाला आवर घालतो. आपल्या नावाने प्रसिद्ध झालेला सिद्धान्त हयातीत असा उलटवून मांडायला मोठा प्रामाणिकपणा लागतो.

त्या कुत्र्यांचं पुढे काय झालं, ते फारसं सांगितलं जात नाही. १९६८ च्या लेखात ते आहे. खाऊ दाखवून, हाका मारून ती उठली नाहीत. शेवटी त्यांना गळपट्ट्याला दोरी लावून भिंतीपलीकडे ओढावं लागलं, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. हळूहळू दोरीला ताण कमी लागू लागला. मग ती आपली आपण उडी मारू लागली.

माणसाला दोरी लावता येत नाही, लावूही नये. पण निराश माणसाला आधी बरं वाटेल आणि मग तो उठेल, ही आपली समजूत तपासायला हवी. चार्ल्स फर्स्टर यांनी १९७३ मध्ये मांडलं की निराश माणसाच्या दिवसातून सुख देणाऱ्या कृती गळून पडतात आणि त्यांची जागा टाळण्याच्या कृती घेतात: झोपून राहणं, फोन न उचलणं, आंघोळ पुढे ढकलणं. जितकं टाळावं तितकं पुढचं पाऊल जड. १९९६ मध्ये नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी बेक यांच्या उपचाराचे भाग सुटे करून १५० रुग्णांवर ताडून पाहिले. फक्त कृतीचा भाग मिळालेले लोक पूर्ण उपचार मिळालेल्यांइतकेच सुधारले. विचार दुरुस्त होण्याची वाट न पाहता, दिवसात एकेक ठरवलेली कृती परत आणणं पुरेसं ठरलं.

या निष्कर्षाचं सोनं झालं ते आपल्या शेजारी, गोव्यात. विक्रम पटेल आणि 'संगत' या संस्थेच्या गटाने याच तत्त्वावर एक छोटा उपचार बेतला. सहा ते आठ बैठका, प्रत्येकी अर्धा-पाऊण तास, आरोग्य केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी. देणारे होते त्याच भागातले सामान्य लोक. मानसशास्त्राची पदवी नाही. तीन आठवड्यांचं वर्गातलं प्रशिक्षण, मग उमेदवारी, आणि एकमेकांच्या बैठकांचं ध्वनिमुद्रण ऐकून एकमेकांना सुधारणं. मनःस्थिती आणि कृती यांचं नातं समजावायचं, रोज काय केलं आणि कसं वाटलं याची नोंद ठेवायची, सोडून दिलेली एखादी गोष्ट परत सुरू करायची, सुटण्याजोगी अडचण सोडवायची, घरच्यांना सोबत घ्यायचं.

दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर त्याची चाचणी झाली आणि २०१७ मध्ये ती 'लॅन्सेट'मध्ये आली. तीन महिन्यांनी, फक्त डॉक्टरांची सुधारित नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी ३९ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. सोबत समुपदेशक मिळालेल्यांपैकी ६४ टक्के. आत्महत्येचे विचार आणि प्रयत्न त्यांच्यात कमी होते. स्त्रियांना जोडीदाराकडून होणारी मारहाणही कमी नोंदली गेली. वर्षभरानंतर पुन्हा पाहिलं तेव्हा फायदा टिकला होता, आणि तो बऱ्याच अंशी कृती वाढल्यामुळेच झाला होता.

याची मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे. जिथे भ्रम, भास आहेत, जिथे आलटून पालटून उन्माद येतो, जिथे माणूस खाणंपिणं सोडून बसला आहे, तिथे मानसोपचारतज्ज्ञ आणि औषधं हवीतच. हा लेख वाचून कुणी चालू गोळी बंद करू नये. शिवाय कर्ज, बेकारी, दारूने पोखरलेलं घर यांवर नोंदवही हा उपाय नाही. तिथे बाहेरची परिस्थितीही बदलावी लागते.

पण तज्ज्ञांची वाट पाहत बसणं आपल्याला परवडणार नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य, चिंता यांसारखे आजार असलेल्या सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचं आढळलं. त्यातले कितीतरी लोक आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या बाकांवर बसलेले असतात: झोप लागत नाही, अंग दुखतं, टेन्शन आहे, अशी तक्रार घेऊन. त्यांना बहुधा जीवनसत्त्वाची गोळी मिळते. शेजारच्या राज्याने काय चालतं ते २०१७ मध्येच मोजून दाखवलं आहे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असा प्रशिक्षित समुपदेशक नेमला जावा, ही मागणी ग्रामसभेत, जिल्हा परिषदेत, आमदारांच्या दारात वाचकांनी मांडावी. आणि तोवर, घरात कुणी भिंतीकडे तोंड करून पडलं असेल, तर "हातपाय हलव" न म्हणता त्याच्यासोबत कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत जा. मरणाचे विचार बोलून दाखवले, तर त्याला एकटं सोडू नका आणि 'टेलिमानस' या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर लगेच फोन करा. तो दिवसरात्र चालू असतो.