भाकरीचा कोंडा कोण धरतं?

हिवाळ्यात पुण्याहून भिगवणला गाड्या येतात त्या उजनीच्या पाण्यावर फ्लेमिंगो पाहायला, आणि दुपारी खाणावळीत चिलापीच्या ताटावर बसायला. त्यातली चिलापी आपण स्वतः पचवतो, भाकरीतला पिठूळ भागही बराचसा. ज्वारीच्या कोंड्यापुढे मात्र आपलं काही चालत नाही. तो तोडणारी विकरं आपल्याकडे नाहीतच. मी इथे अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. ‘चोथ्याने पोट साफ होतं’ एवढ्यावर हा धडा मिटवणं मला पटत नाही.

कोंडा मोठ्या आतड्यात पोचतो तिथे जिवाणू टपलेले असतात. पण कोंड्यातली साखरेची साखळी असते लांबलचक, आख्खी आत घेता येत नाही. आधी ती धरायची, मग तोडायची. धरणारी प्रथिनं वेगळी, तोडणारी वेगळी! अमेरिकेत अ‍ॅबिगेल सॅलियर्स यांच्या प्रयोगशाळेने आतड्यातल्या एका बॅक्टेरॉइडिस जिवाणूत स्टार्च खाण्याची अशी व्यवस्था उलगडली. तिच्यातलं ‘सस-डी’ हे प्रथिन काहीच तोडत नाही, फक्त धरतं. स्टार्चच्या साखळीला जो पीळ असतो, तो पीळच ते ओळखतं. 2017 मध्ये त्याच्या जातीच्या प्रथिनांची हालचाल कळली: खाली ‘सस-सी’ची नळी, वर ‘सस-डी’चं झाकण, पायाने दाबून उघडायच्या कचराबादलीसारखं.

अशी प्रथिनं ओळखायची एक रीत मला फार आवडते. जेलमध्ये हवी ती साखर मिसळायची आणि विजेच्या जोरावर प्रथिनं त्यातून पुढे पळवायची. साखरेला चिकटणारं प्रथिन मागे रेंगाळतं. रेंगाळलं की सापडलं.

सॅलियर्स यांच्या त्या बॅक्टेरॉइडिस जिवाणूचा जनुकसंच 2003 मध्ये वाचला गेला, तेव्हा ‘सस-सी’ आणि ‘सस-डी’सारख्या जनुकांच्या जोड्या डझनावारी निघाल्या, वेगवेगळ्या साखळ्यांसाठी. खाण्याप्रमाणे हा साठा बदलतोही: समुद्री शेवाळातली साखळी तोडणारी जनुकं जपानी माणसांच्या जिवाणूंनी समुद्रातल्या जिवाणूंकडून उचलल्याचं 2010 मध्ये दिसलं. आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातले योगेश शौचे आणि सहकारी यांनी 2016 मध्ये दाखवलं की भारतीयांच्या आतड्यात प्रीव्होटेला आणि मेगास्फेरा या जिवाणूंचा भरणा असतो. प्रीव्होटेला म्हणजे धान्याच्या कोंड्यावर पोसणारा गडी. म्हणून जिवाणूंच्या पुड्या विकणाऱ्या जाहिराती पाहिल्या की मला हसू येतं. पाहुणे बोलावले, पण पानात काय वाढणार?

वर्गात हे सांगितलं की एखादं पोर हमखास विचारतं, ‘सर, मग उसाचं काय?’ बारामती-इंदापूरचा पट्टा, प्रश्न येणारच. उसाची साखर लहान आतड्यातच बहुतेक शोषली जाते. मोठ्या आतड्यापर्यंत फारसं काही उरत नाही. तिथले जिवाणू मग उपाशी बसत नाहीत. आतड्याच्या आतल्या बाजूला जो चिकट थर असतो, त्यातही साखरेच्या साखळ्या असतात, आणि काही जिवाणूंकडे त्या धरणारी प्रथिनंही असतात. चोथा बंद केलेल्या उंदरांमध्ये जिवाणूंनी तोच थर खाऊन पातळ केला.