लोडरच्या बकेटला हुक: ३०० रुपयांचं काम की २८०० रुपयांचं?

फॅब्रिकेशनवर व्हिडिओ टाकला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, ट्रॅक्टरच्या लोडर बकेटला हुक मारून द्यायचे किती घ्यायचे?" दर सांगतोच, पण आधी काम समजून घ्या. ग्रिल किंवा गेटचं वेल्डिंग सुटलं तर गिऱ्हाईक परत येऊन भांडतं. हुकाचं वेल्डिंग सुटलं तर खाली माणूस असू शकतो.

शेतकऱ्याला हुक कशाला लागतात? मोटार उचलायला, पाईप हलवायला, लाकडाचा ओंडका ओढायला. बकेट आहेच, साखळी अडकवली की झाली क्रेन! म्हणून तो येताना १६ एमएमची सळई वाकवून घेऊन येतो आणि म्हणतो, "दादा, एवढं चिकटवून द्या."

इथे नाही म्हणायला शिका. बांधकामाची टीएमटी सळई काँक्रीटमध्ये ताण घेण्यासाठी बनवलेली असते. तिची ताकद बाहेरच्या कडक थरात असते, आणि तापवून वाकवली, वर वेल्डिंग केलं, की तो थर बिघडतो. साखळीला लावायचे ग्रेड ८० चे हुकसुद्धा वेल्ड करायचे नाहीत. ते उष्णताप्रक्रिया केलेले असतात, आर्क लागला की त्या जागी ताकद जाते. बाजारात वेल्ड करायचेच फोर्ज्ड हुक मिळतात, त्यावर किती टनाचा हुक आहे ते कोरलेलं असतं. तोच घ्या, बिलासकट.

आता जागा. नवीन मुलं हुक बरोबर मध्यभागी लावतात, दिसायला छान दिसतं. पण वरच्या काठाचा पत्रा मध्ये सगळ्यात कमजोर असतो, वजन आलं की काठ खाली वाकतो. दोन हुक घ्या आणि दोन्ही टोकांना, बाजूच्या उभ्या प्लेटच्या जवळ लावा. हुक सरळ पत्र्यावर न लावता आधी १० एमएमची प्लेट लावा, कोपरे गोल करून. खालच्या कटिंग एजला हात लावू नका, ते पोलाद कडक असतं, वेल्डशेजारी तडा जातो.

दोन हुकांवर वजन अर्धं अर्धं होतं, असं गिऱ्हाईक समजतं. साखळ्या सरळ खाली लटकत असतील तरच ते खरं. दोन्ही साखळ्या मधल्या एका वजनाला तिरप्या गेल्या आणि त्यांच्यातला कोन १२० अंश झाला, तर प्रत्येक साखळीवर पूर्ण वजनाएवढा ताण येतो! कागदावर चित्र काढून दाखवा, लगेच पटतं.

कामाला लागताना बकेट जमिनीवर टेकवा, इंजिन बंद, बॅटरीची वायर काढा. अर्थिंगचा क्लॅम्प बकेटवरच, वेल्डच्या जवळ लावा. ट्रॅक्टरच्या चेसिसला लावला तर करंट पिना आणि बुशमधून जातो, आणि तो खर्च तुमच्या नावावर. होजवर ओलं गोणपाट टाका. रंग आणि गंज ग्राइंडरने पूर्ण काढा, चकाकी दिसेपर्यंत. हुकाची स्प्रिंगची पट्टी आधी काढून ठेवा.

रॉड ६०१३ नको, ७०१८ वापरा. पाकीट उघडं पडून दमट झालं असेल तर ओव्हनमध्ये भाजूनच, नाहीतर हायड्रोजनमुळे वेल्डला आतून तडे जातात. चारही बाजूंनी, दोन-तीन पासमध्ये भरा, प्रत्येक पासनंतर स्लॅग झाडा. पाणी ओतून गार करू नका, घाई असली तरी. गार झाल्यावर डाय पेनिट्रंटचे तीन स्प्रे मारून बघा. बारीक तडा लाल रेघ होऊन वर येतो. गिऱ्हाइकाला जवळ उभं करून ही टेस्ट करा, ही तुमची फुकटची जाहिरात.

मग बकेट मागे-पुढे फिरवून बघा. कुठल्याही स्थितीत हुकाचं तोंड खाली होऊन साखळी निसटता कामा नये.

आता दर. समजा, हुक ९००, प्लेट २००, रॉड-डिस्क-स्प्रे २५०, दोन माणसांचा वेळ मिळून ७५०. झाले २१००. त्यावर ३० टक्के धरले तर २७३०, म्हणजे २८०० सांगा. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचे भाव टाका. शेजारचा ३०० मध्ये करून देतो म्हटलं तर जाऊ द्या त्याला.

बिलावर तीन ओळी लिहाच: लोडरच्या मॅन्युअलमधल्या क्षमतेपेक्षा जास्त वजन नाही, माणूस उचलायचा नाही, उचललेल्या वजनाखाली कोणी थांबायचं नाही. वजन पुढे काठावर येतं, त्यामुळे मागची चाकं हलकी होतात. मागे वजन लावायला तोंडीही सांगा. ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर डीलरला विचारून यायला सांगा, किंवा बोल्टने बसणारे हुक सुचवा.

बिलाची कार्बन कॉपी आणि वेल्डचे दोन फोटो फाईलला लावा. पंधरा दिवसांनी फोन करून ट्रॅक्टर एकदा दाखवायला बोलवा, ग्राइंडरच्या रेघांच्या कडेने पुन्हा नीट बघा. तेव्हाच तो बहुतेक ट्रॉलीचं काम घेऊन आलेला असतो.