सर्वांसाठी अनिवार्य अभ्यासक्रम कसा ठरतो?



प्रास्ताविक

मराठी हा मुख्य विषय घेऊन तुम्ही बी.ए.ला प्रवेश घेतला. पुस्तकांचा संच हाती आला, तेव्हा त्यात मराठी साहित्याबरोबर पर्यावरण, व्यावहारिक कौशल्ये, दुसरी एखादी भाषा असेही विषय दिसले असतील. 'मला मराठी शिकायची आहे, मग हे कशासाठी?' असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, तर तो अगदी योग्य आहे. दूरस्थ शिक्षणात एका श्रेयांकासाठी साधारणतः ३० तासांचा अभ्यास गृहीत धरला जातो. म्हणजे चार श्रेयांकांच्या एका अभ्यासक्रमाला १२० तास लागतात. नोकरी आणि घर सांभाळून जो विद्यार्थी रोज एक तास काढतो, त्याचे हे चार महिने आहेत. ते कोणी आणि कशाच्या आधारे मागितले, हे जाणून घेण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

दोन शब्दांतील भेद

'आवश्यक' आणि 'अनिवार्य' हे शब्द आपण अनेकदा एकाच अर्थाने वापरतो. त्यांच्या अर्थांत मात्र अंतर आहे. ज्याची गरज आहे ते आवश्यक; ज्याचे निवारण करता येत नाही, जे टाळता येत नाही ते अनिवार्य. आवश्यकता हा विषयाचा गुण असतो, तर अनिवार्यता हा संस्थेचा निर्णय असतो. संगीत, कायदा, आरोग्य, इतिहास हे सारेच विषय माणसाला आवश्यक म्हणता येतील. पण ते सगळे सर्वांना अनिवार्य करता येणार नाहीत. पुढे वर्णन केलेली सारी प्रक्रिया या दोन शब्दांमधले अंतर विचारपूर्वक ओलांडण्यासाठी आहे.

कल्पनेची पार्श्वभूमी

पदवीधराला आपल्या विषयापलीकडचेही काही ज्ञान असावे, हा विचार आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर लगेचच मांडला गेला. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८-४९) पदवीच्या शिक्षणात 'सामान्य शिक्षणा'चा अंतर्भाव करण्याची शिफारस केली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर त्याला नवे रूप मिळाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीसाठी श्रेयांकांचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यानुसार तीन वर्षांच्या पदवीच्या किमान १२० श्रेयांकांपैकी बहुविद्याशाखीय अभ्यासक्रमांना ९, भाषिक क्षमतांना ८, कौशल्यांना ९ आणि मूल्यवर्धित अभ्यासक्रमांना ६ ते ८ श्रेयांक दिलेले आहेत. यांची बेरीज ३२ ते ३४ होते. पदवीचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग मुख्य विषयाबाहेरचा असेल, तर त्याची निवड काटेकोरपणे होणे महत्त्वाचे ठरते.

मंजुरीच्या पायऱ्या

महाराष्ट्रातील बहुतेक शासकीय विद्यापीठांना महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ लागू आहे. त्यात अभ्यासक्रमाचा प्रवास मुख्यतः तीन पायऱ्यांनी होतो.

१. अभ्यास मंडळ : त्या विषयाचे अध्यापक आणि तज्ज्ञ येथे मसुदा तयार करतात. आशय अचूक आहे का, तो दिलेल्या तासांत शिकवून होईल का, हे येथे पाहिले जाते.

२. विद्याशाखा : अधिष्ठात्यांच्या अध्यक्षतेखाली निरनिराळ्या विषयांचे प्रतिनिधी एकत्र बसतात. हाच आशय दुसऱ्या एखाद्या विषयात आधीच आहे का, इतर विषयांच्या विद्यार्थ्यांना तो पेलेल का, हे प्रश्न येथे निघतात.

३. विद्यापरिषद : कुलगुरूंच्या अध्यक्षतेखालील ही परिषद शैक्षणिक दर्जाची जबाबदारी सांभाळते. एकूण श्रेयांक, परीक्षापद्धती आणि आराखड्याशी सुसंगती पाहून ती निर्णय घेते.

मुक्त विद्यापीठाची स्थापना १९८९ च्या स्वतंत्र कायद्याने झाली असल्याने तेथील रचना काहीशी निराळी आहे. तरीही तज्ज्ञांचा मसुदा, विद्याशाखेतील चर्चा आणि विद्यापरिषदेची मान्यता हा क्रम तेथेही ओळखीचाच आहे. मुक्त शिक्षणात आणखी एक अडचण असते. वर्गात शिकवताना शिक्षक चूक लगेच सुधारू शकतो. छापलेल्या पुस्तकातील चूक मात्र पुढील आवृत्तीपर्यंत हजारो घरांत तशीच राहते.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी मी एका अभ्यास मंडळाचा सदस्य होतो. प्रथम वर्षाच्या सर्व विद्यार्थ्यांसाठी भाषाव्यवहारावरचा चार श्रेयांकांचा अभ्यासक्रम आम्ही सुचवला. उद्दिष्टात लिहिले होते, 'विद्यार्थ्यांमध्ये भाषेविषयी जाणीव निर्माण होईल.' विद्याशाखेच्या बैठकीत अर्थशास्त्राच्या एका प्राध्यापिकेने शांतपणे विचारले, "ही जाणीव निर्माण झाली की नाही, हे उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला कसे कळणार?" माझ्याकडे उत्तर नव्हते. मसुदा परत आला.

तेव्हा मला राग आला होता. पुन्हा लिहायला बसल्यावर मात्र लक्षात आले, की मराठीच्या विद्यार्थ्याला जे आवश्यक, तेच आम्ही सर्वांना अनिवार्य करू पाहत होतो. ध्वनिविचाराचा घटक, माझ्या विशेष आवडीचा, आम्ही वगळला. नवे उद्दिष्ट असे झाले : 'शासकीय सूचना वाचून विद्यार्थी ती सामान्य वाचकाला समजेल अशा मराठीत लिहू शकेल.' श्रेयांक चारांवरून दोन झाले. हा मसुदा मंजूर झाला. वगळलेल्या घटकाची हळहळ आजही वाटते. परंतु तो निर्णय योग्य होता.

बाहेरून येणारी अनिवार्यता

प्रत्येक अभ्यासक्रम मात्र खालून वर जात नाही. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण हा विषय शिक्षणात अनिवार्य करण्याविषयी निर्देश दिले. अंमलबजावणी रेंगाळली, तेव्हा २००३ मध्ये न्यायालयाने पुन्हा आदेश दिला. विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा गाभा अभ्यासक्रम तयार केला. अशा वेळी 'हा विषय हवा का?' हा प्रश्न विद्यापीठापुढे उरत नाही. 'तो कसा शिकवावा?' एवढाच उरतो. तरी हा दुसरा प्रश्नही लहान नाही. न्यायालय विषय अनिवार्य करू शकते. तो अर्थपूर्ण करणे शिक्षकाच्याच हाती असते.

पुनर्विलोकन आणि तुम्ही

मंजुरी मिळाली म्हणजे अभ्यासक्रम कायमचा झाला, असे नाही. ठरावीक काळाने त्याचा फेरविचार होतो. तेव्हा निकाल, शिक्षकांचे अनुभव आणि विद्यार्थ्यांचे अभिप्राय पाहिले जातात. 'पुस्तक कठीण आहे' एवढ्या अभिप्रायाने मंडळाला फारसे साहाय्य होत नाही. 'तिसऱ्या घटकातील उदाहरणे शहरी आहेत, शेती करणाऱ्याला ती लागू पडत नाहीत' हे वाक्य मात्र बैठकीत वाचून दाखवता येते. तुमच्या १२० तासांचा हिशेब तुम्हीच असा नेमका मांडू शकता.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. 'आवश्यक' आणि 'अनिवार्य' यांतील भेद स्वतःच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

२. अभ्यास मंडळ आणि विद्याशाखा यांच्यापुढील प्रश्न वेगवेगळे का असतात?

३. तुमच्या संचातील मुख्य विषयाबाहेरचा एक अभ्यासक्रम निवडा. तो सर्वांना अनिवार्य असावा का? त्याचे एक उद्दिष्ट परीक्षेत तपासता येईल अशा शब्दांत लिहा.