निळी झिलई आणि निळी नक्षी

चिनी मातीची निळी फुलदाणी म्हटली की ती एकाच प्रकारची, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात प्रकार दोन आहेत. पहिल्यात पांढऱ्या भांड्यावर कोबाल्टने (निळा रंग देणारा धातू) नक्षी काढून वर पारदर्शक झिलई (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) देतात. दुसऱ्यात कोबाल्ट झिलईतच मिसळतात. सुमारे १३०० अंश सेल्सिअसला भाजल्यावर भांडे एकसारखे गडद निळे होते. भिवंडीत धामणकर नाक्यावरच्या कापड व्यापाऱ्याला छापील आणि सबंध रंगवलेले कापड नजरेने ओळखता येते; हा फरक तसाच आहे.

चीनच्या राजदरबारात एकरंगी निळ्याला विधीचे स्थान होते. मिंग काळात १५३० साली पूजापात्रांचे रंग ठरले: आकाशाला निळा, पृथ्वीला पिवळा, सूर्याला लाल, चंद्राला पांढरा. १७४८ मध्ये छ्येनलाँग सम्राटाने या पात्रांची व्यवस्था नव्याने लावली.

तरीही प्रत्येक निळे भांडे पूजेचे नसते. बरीच केवळ शोभेची होती. घाट आणि बुडावरची राजमुद्राही पाहावी लागते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातली चिनी भांडी जवळून पाहता येतात.